समीकरण कानाने वाचता येते का?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि सुगम्यता

प्रश्न : मी सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अपंग व्यक्तींना संगणक वापरताना येणाऱ्या अडचणींवर, म्हणजे सुगम्यतेवर, पुढे संशोधन करावे, अशी माझी इच्छा आहे. घरी आणि महाविद्यालयातही मला सांगितले जाते, की हे समाजसेवेचे काम आहे, संगणकशास्त्राचे नव्हे. त्यासाठी एवढे अवघड शिक्षण घ्यायची गरज नाही आणि त्यात कारकीर्दही घडत नाही. या विषयात आयुष्य घालवणारा शास्त्रज्ञ नेमके काय करतो, हे एखाद्या उदाहरणासह सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुम्हाला मिळणारा सल्ला आपुलकीपोटी दिलेला असेल, पण तो चुकीच्या समजुतीवर उभा आहे. ती समजूत दूर करायला पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांच्या कामाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही, म्हणून हे उत्तर त्यांच्याच कामाभोवती लिहीत आहे.

रामन यांचा जन्म १९६५ सालचा. जन्मतःच त्यांची दृष्टी अधू होती. डाव्या डोळ्याने जे काही दिसत असे, तेही काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी दिसेनासे झाले. त्यानंतरचा अभ्यास त्यांनी भावाकडून आणि इतर मदतनिसांकडून पुस्तके व गणिते मोठ्याने वाचून घेऊन केला. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतल्यावर ते मुंबईच्या आयआयटीत आले आणि गणित व संगणकशास्त्र या विषयांत त्यांनी तेथे पदव्युत्तर शिक्षण घेतले. आयआयटीतल्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी एक आज्ञावली लिहिली होती. तिच्या साहाय्याने गणितातले वक्र ऐकता येत असत. आलेख ही पाहायचीच वस्तू आहे, असे आपण सारे धरून चालतो. त्या काळात एका विद्यार्थ्याने तसे धरून चालायचे नाकारले, ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या पुरस्कारांपेक्षाही महत्त्वाची वाटते. तेथून ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले.

कॉर्नेलमध्ये त्यांनी हाती घेतलेला प्रश्न आपण सावकाश समजून घेऊ. फळ्याकडे न पाहता ‘अ अधिक ब भागिले क’ एवढेच शब्द कानावर पडले, तर त्यांचे दोन अर्थ होतात. अ म्हणजे ४, ब म्हणजे ६ आणि क म्हणजे २ असे धरले, तर एका अर्थाने उत्तर ५ येते आणि दुसऱ्या अर्थाने ७. कागदावर हा घोटाळा होत नाही, कारण अंश आणि छेद यांच्यामधली आडवी रेघ कुठून कुठपर्यंत ओढली आहे, हे डोळ्याला तत्काळ दिसते. याचा अर्थ असा, की त्या रेघेत पदावलीची रचना साठवलेली आहे. घातांक वर आणि बारीक लिहिणे, पादांक खाली लिहिणे, वर्गमुळाचे चिन्ह पुढच्या पदांवर छपरासारखे ओढणे, या साऱ्या युक्त्या कित्येक पिढ्यांच्या गणितज्ञांनी डोळ्यांसाठी घडवल्या. ज्याला डोळ्यांचा उपयोग नाही, त्याच्यापुढे कागदावरची चिन्हे एकामागून एक वाचून दाखवली, तर चिन्हे पोहोचतात आणि रचना वाटेतच सांडते. मोठे समीकरण असेल, तर शेवटचे पद ऐकेपर्यंत पहिले स्मरणातून गेलेले असते.

कागदावर दिसणारे समीकरण हे मुळातल्या रचनेचे केवळ एक रूप आहे, आणि त्याच रचनेचे कानांसाठीचे रूप स्वतंत्रपणे घडवता येते, ही रामन यांच्या प्रबंधामागची दृष्टी होती. संशोधक आपले लेख ‘लेटेक’ नावाच्या प्रणालीत लिहितात. तीत ‘हा अंश, हा छेद, हा घातांक’ अशा खुणा मजकुरातच केलेल्या असतात. रामन यांची ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली त्या खुणा वाचून समीकरणाची झाडासारखी शाखांची रचना स्मृतीत उभी करत असे आणि मग ती रचना आवाजात उतरवत असे. घातांक आला की स्वर चढे, पादांक आला की उतरे. समीकरण फार लांब असेल, तर त्यातल्या मोठ्या तुकड्यांना तात्पुरती नावे देऊन आधी संपूर्ण रचनेची कल्पना दिली जाई, आणि मग ऐकणाऱ्याला हव्या त्या तुकड्यात शिरून तो तपशिलाने ऐकता येई. डोळस वाचक नेमके हेच करतो. तो आधी समीकरणावरून नजर फिरवतो आणि मग हव्या त्या जागी थांबतो. ती नजर रामन यांनी कानाला मिळवून दिली. आवाजाची ही मांडणी कशी करायची, हे संगणकाला सांगण्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र भाषाही रचली.

हा प्रबंध १९९४ साली पूर्ण झाला. डेव्हिड ग्रीस हे त्यांचे मार्गदर्शक होते. संगणकशास्त्रज्ञांची जागतिक संघटना असलेल्या एसीएमचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि तो पुरस्कार संगणकशास्त्राच्या सर्व शाखांतील प्रबंधांमधून निवड करून दिला जातो, हे तुमच्या प्राध्यापकांना आवर्जून सांगा. भाषेचे पृथक्करण, वृक्षरचना, नव्या भाषेची घडण, ध्वनिशास्त्र आणि माणसाच्या स्मरणशक्तीच्या मर्यादा असे पाच विषय या एका कामात एकत्र आले आहेत. प्रणालीचे नाव रामन यांच्या काळ्या लॅब्रडॉर कुत्रीवरून आले; अ‍ॅस्टर ही त्यांना वाट दाखवणारी प्रशिक्षित कुत्री होती.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९५ साली, त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ ही संगणकावरचे काम बोलून दाखवणारी प्रणाली सर्वांसाठी मोफत खुली केली. अंध व्यक्ती संगणक वापरतात तो बहुधा स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावर जे अक्षर असेल ते मोठ्याने वाचणे, हे त्याचे काम असते. रामन यांनी त्याची मर्यादा दिनदर्शिकेच्या साध्या उदाहरणाने दाखवली. दिनदर्शिकेत एका तारखेवर थांबले की स्क्रीन रीडर ‘तेरा’ एवढेच म्हणतो, कारण त्या चौकटीत तेवढेच लिहिलेले असते. महिना वरच्या मथळ्यात आहे, वार स्तंभाच्या डोक्यावर आहे, आणि ते डोळ्याला आपोआप कळत असले तरी कानाला कळायला काही मार्ग नसतो. ईमॅकस्पीक पडद्याला विचारत नाही. दिनदर्शिका चालवणाऱ्या आज्ञावलीलाच ‘आपण कुठे आहोत’ असे विचारते आणि वार, तारीख, महिना व वर्ष पूर्ण सांगते. आज्ञावली लिहिताना डोळस लोकांना वेगवेगळे शब्द वेगवेगळ्या रंगांत दिसतात. रामन यांनी तेथे रंगांच्या जागी वेगवेगळे आवाज योजले. स्वतःचे रोजचे सारे काम ते याच प्रणालीवर करत आले आणि तिच्या सुधारित आवृत्त्या वर्षानुवर्षे काढत राहिले.

उपजीविकेचे म्हणाल, तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची अमेरिकेतल्या केंब्रिजमधली प्रयोगशाळा, अडोबी, आयबीएमचा संशोधन विभाग आणि २००५ पासून गूगल, असा त्यांचा क्रम आहे. गूगलमध्ये त्यांनी २००६ साली अंधांना वापरायला सोपी पडणारी पाने वर आणणारी शोधसेवा तयार केली. पुढे स्पर्शपडद्याचे फोन आले, तेव्हा बटणेच नाहीशी झाली आणि जुन्या फोनवरच्या ५ या अंकावरचा ठिपका चाचपून नंबर लावणाऱ्या अंध माणसाला सपाट काचेवर आधाराची जागा उरली नाही. रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी सुचवलेला उपाय फार सुंदर होता : बोट जिथे पहिल्यांदा टेकेल, तीच ५ची जागा मानायची. तेथून वर सरकले की २, खाली सरकले की ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. माणसाने बटण शोधायचे नाही. फोननेच बटणे माणसाच्या बोटाभोवती मांडायची. मानव-संगणक आंतरक्रिया, म्हणजे माणूस संगणक कसा वापरतो याचा अभ्यास करणाऱ्या शाखेत काय करतात, असे तुम्हाला पुन्हा कोणी विचारले, तर मोठी व्याख्या देण्यापेक्षा हे उदाहरण द्या.

प्रश्न : सुगम्यतेवर संशोधन करायला स्वतः अपंग असावे लागते का? धडधाकट माणसाने त्यात पडणे आगाऊपणाचे ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : असावे लागत नाही. परंतु ज्याच्यासाठी आपण काम करतो तो माणूस कामाच्या पहिल्या दिवसापासून सोबत नसेल, तर केलेले श्रम वाया जाण्याची शक्यता फार मोठी असते. दोन्ही बाजूंची उदाहरणे एकाच विद्यापीठात सापडतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड लॅडनर १९७१ पासून प्राध्यापक होते. सैद्धांतिक संगणकशास्त्रात त्यांचे नाव मोठे आहे. १९७५ साली त्यांनी सिद्ध केलेले एक प्रमेय आजही त्यांच्या नावाने शिकवले जाते. त्यांचे आई-वडील दोघेही कर्णबधिर होते, त्यामुळे खुणांची भाषा आणि ती बोलणाऱ्यांचे जग त्यांनी घरातच पाहिले होते. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते सुगम्यतेकडे वळले. मोबाइलवरून चित्रफीत पाठवणे जेव्हा कठीण आणि महाग होते, त्या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणांच्या भाषेतले संभाषण कमी क्षमतेच्या जाळ्यावरून पाठवता यावे, म्हणून चित्र आकुंचित करण्याच्या पद्धती शोधल्या. खुणांच्या भाषेत चेहरा आणि हात यांना अर्थ असतो, म्हणून तेवढा भाग स्पष्ट ठेवायचा आणि मागची भिंत धूसर झाली तरी चालेल, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या हाताखाली घडलेल्या जेफ्री बिगम यांनी पुढे ‘विझविझ’ ही सेवा सहकाऱ्यांसह उभी केली. तीत अंध व्यक्ती फोनने एखाद्या डब्याचे छायाचित्र काढून ‘हे कशाचे आहे?’ असे विचारी आणि इंटरनेटवरची डोळस माणसे थोड्याच वेळात उत्तर देत. विचारले जाणारे प्रश्न वाचले, की स्वयंपाकघर, कपाट, औषधाची बाटली अशा रोजच्या जागांमध्ये अडचण नेमकी कुठे लपलेली असते, ते कळते.

त्याच विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना २०१६ साली एका हातमोज्याबद्दल मोठा पुरस्कार मिळाला. हातमोजे घालून खुणा केल्या की त्यांचे बोलीत रूपांतर होईल, अशी ती कल्पना होती. वर्तमानपत्रांनी तिचे फार कौतुक केले, पण कर्णबधिर समाजाने आणि भाषाशास्त्रज्ञांनी तिला सडेतोड आक्षेप घेतला, आणि तो मला पूर्णपणे पटतो. अमेरिकन खुणांच्या भाषेचे व्याकरण भुवया, ओठ, खांद्यांची दिशा यांतही असते. हातमोज्याला त्याचा पत्ताच नसतो. शिवाय संवाद दोघांचा असताना साधन अंगावर वागवायचा भार एकट्या कर्णबधिरावर टाकला जातो, आणि ऐकणाऱ्याचे म्हणणे त्याच्यापर्यंत कसे पोहोचणार, याचे उत्तर तसेच राहते. त्या दोघांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. त्यांनी आधी खुणांच्या भाषेचे वर्ग लावले असते, तर त्यांची बुद्धी योग्य प्रश्नावर लागली असती.

डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाचा अनुभव घ्यायचा आणि त्यावरून रचना करायची, हा प्रकारही मी विद्यार्थ्यांना करू देत नसे. पट्टी बांधलेल्या माणसाला अंधत्वाचा पहिला दिवस कळतो. वीस वर्षे कानाने वाचणाऱ्याचे कौशल्य त्याला कळत नाही. सरावलेली अंध व्यक्ती स्क्रीन रीडरचा आवाज इतक्या वेगाने ऐकते, की शेजारी बसलेल्याला त्यातला शब्दही उमगत नाही.

हे मी स्वतः एका विद्यार्थ्याकडून शिकले. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते, तेथल्या आमच्या विभागाचे संकेतस्थळ आम्ही मोठ्या हौसेने तयार केले होते, आणि ते वापरायला अगदी सोपे आहे, असे मी सर्वांना सांगत असे. एका अंध विद्यार्थ्याच्या शेजारी बसून तो ते कसे वापरतो हे पाहिले, तेव्हा दिसले की प्रत्येक नव्या पानावर तीच ती वरची यादी, तिच्यातल्या चाळीसएक नोंदी, त्याला ओलांडाव्या लागत होत्या, आणि मग कुठे वेळापत्रक येत होते. शीर्षके शीर्षकांसारखी नोंदवलेली नव्हती, त्यामुळे उडी मारून पुढे जायची सोय नव्हती. आम्ही ती फक्त मोठ्या आणि ठळक अक्षरांत लिहिली होती. त्याने तक्रार केली नव्हती. त्याला ते सवयीचे झाले होते. ती शांतता मला आजही अस्वस्थ करते.

स्वतः अपंग असण्याने कामाला कसा वेगळा धागा मिळतो, हे पाहायचे असेल, तर जपानच्या चिएको असाकावा यांच्याकडे पाहावे. वयाच्या अकराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात झालेल्या अपघातानंतर त्यांची दृष्टी कमी होत गेली आणि चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. त्यांनी आधी इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, नंतर अंधांसाठीच्या संगणक प्रशिक्षणाकडे वळल्या आणि १९८५ साली आयबीएमच्या जपानमधल्या संशोधन विभागात रुजू झाल्या. सुरुवातीला त्यांनी ब्रेल पुस्तके संगणकावर तयार करण्याचे काम केले, आणि १९९७ साली त्यांचा ‘होम पेज रीडर’ आला. त्यात साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि दुवे स्त्रीच्या आवाजात वाचले जात. अधोरेखित निळ्या अक्षरांचे काम एका आवाजाच्या बदलाने झाले. टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी २००४ साली, म्हणजे जगभर वापरले जाणारे साधन हातून घडल्यावर, घेतली. पुढे त्या आयबीएमच्या फेलो झाल्या, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी इमारतींच्या आत वाट दाखवणाऱ्या प्रणालीवर काम केले, आणि अंध प्रवाशाला वाट दाखवत स्वतः चालणारी प्रवासी बॅग तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. २०२१ पासून टोकियोतल्या मिराइकान या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयाची धुरा त्यांच्याकडे आली.

प्रश्न : चिपळूणजवळच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झालो. माझ्याकडे घरी शिकायला येणाऱ्या नववीतल्या एका मुलाची दृष्टी झपाट्याने कमी होत आहे. त्याला गणिताची जाण उत्तम आहे. त्याने संगणकशास्त्राकडे जाण्याचा विचार करावा का, आणि आज मी त्याच्यासाठी काय करू शकतो?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, त्याने तो विचार जरूर करावा. रामन यांची दृष्टी गेली, तेव्हा त्यांचे वय साधारण तुमच्या विद्यार्थ्याएवढेच होते, आणि त्यांच्याजवळ तेव्हा बोलणारा संगणक नव्हता. मोठ्याने वाचणारी माणसे होती. तुम्ही त्या मुलासाठी आज तेच आहात.

पहिली गोष्ट म्हणजे, थोडेफार दिसत आहे तोवरच त्याला कळफलकाकडे न पाहता टंकलेखन करायला शिकवा. दुसरी गोष्ट ब्रेलची. आता सगळे ऐकता येते, मग ब्रेल कशाला, असे अनेक पालकांना वाटते. मला ते मान्य नाही. केवळ कानाने शिकलेल्या मुलाचा शब्दांच्या लेखनाशी आणि गणितातल्या चिन्हांच्या मांडणीशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. तो संबंध बोटांनी जोडता येतो, आणि चौदाव्या वर्षी शिकलेले ब्रेल चाळिसाव्या वर्षी शिकलेल्यापेक्षा कितीतरी पक्के बसते.

स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागेल, अशी चिंता नको. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर पूर्णपणे मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली, आणि त्याच्याबरोबर मिळणारा आवाज मराठीही वाचतो. तो यांत्रिक आहे, हे आधीच सांगून ठेवते. मराठी वाचणे यंत्राला सोपे नाही : ‘चार’ आणि ‘चारा’ यांत लिहिलेला च एकच असला तरी उच्चार वेगळा आहे, आणि ‘घर’ लिहिताना शेवटच्या र मधला अ आपण उच्चारत नाही, हे त्याला शिकवावे लागते. मुलाचा कान आठवड्याभरात सरावेल. गणितासाठी मॅथकॅट ही मोफत आज्ञावली त्याच्याबरोबर वापरता येते. समीकरण योग्य खुणांसह लिहिलेले असेल, तर त्याच्या भागाभागांतून हिंडता येते. अ‍ॅस्टरच्या मागे जो विचार होता, तोच येथे शाळकरी मुलाच्या हाती आला आहे.

आता तुमचे स्वतःचे काम. तुमच्या जुन्या टिपणांच्या फायली जर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटांमध्ये टंकलेल्या असतील, तर त्या त्याला तशाच देऊ नका. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर ‘क्षेत्रफळ’ दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन माळ असे, आणि स्क्रीन रीडर ती माळच वाचून दाखवतो. महाराष्ट्रातली कितीतरी पुस्तके, परिपत्रके आणि दिवाळी अंक या कारणाने अंध वाचकाला आजही बंद आहेत, याचे मला मनापासून दुःख होते; दिसायला ते अस्सल मराठी आहेत, आणि आत मराठीचे एक अक्षर नाही. टिपणे युनिकोडमध्ये पुन्हा टंकावी. समीकरणाचे छायाचित्र चिकटवू नये. ते मजकूर म्हणून लिहावे, आणि कंस कंजूषपणा न करता वापरावे. भूमितीची आकृती असेल, तर ‘आकृती पाहा’ असे न म्हणता तिचे वर्णन क्रमाने करावे : आधी आकार, मग बिंदूंची नावे, मग दिलेली मापे. तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला हे जमेल तसे दुसऱ्या कोणाला जमणार नाही. जाड कागदावर डिंकाने दोरा चिकटवून केलेली आकृतीही फार उपयोगी पडते.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंग व्यक्तींचे सरकारी ओळखपत्र, यांसाठी पालकांना लवकर अर्ज करायला सांगा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पुढे महाविद्यालयाची वेळ येईल तेव्हा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीच्या साधन केंद्राशी अवश्य संपर्क साधावा. विज्ञान आणि गणित शिकू पाहणाऱ्या मुलांच्या अडचणी त्यांना नव्या नाहीत.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. भारतात या विषयाचे शिक्षण आणि संशोधन कुठे होते, आणि नोकरीची शक्यता कितपत आहे?
— एक पदवीधर, नागपूर

उत्तर : मुंबईच्या आयआयटीतले आयडीसी, म्हणजे तेथील अभिकल्प (डिझाइन) विद्यालय, हे जुने आणि चांगले ठिकाण आहे. तेथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सीड ही परीक्षा असते. तेथील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने स्पर्शपडद्यावर मराठी आणि इतर भारतीय भाषा लिहिण्यासाठी ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला; व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते, आणि प्राथमिक शाळेत शिकलेली बाराखडी लेखनाची युक्ती होऊन बसते. दिल्लीच्या आयआयटीत एम. बालकृष्णन यांच्या गटाने घडवलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ साली बाजारात आली. पांढरी काठी जमिनीवरचे अडथळे सांगते, पण गुडघ्याच्या वरचे, म्हणजे उघडी खिडकी, झाडाची फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग सांगत नाही. स्मार्टकेन ते ध्वनिलहरींनी ओळखून मुठीतल्या कंपनाने कळवते.

संशोधनाकडे जाणार असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या शाखेत परिषदांमधले निबंध नियतकालिकांतल्या लेखांइतकेच वजनदार मानले जातात, आणि त्यांतल्या सीएचआय आणि असेट्स या दोन परिषदा मुख्य आहेत. असेट्सची सुरुवात १९९४ साली झाली, आणि ती केवळ सुगम्यतेला वाहिलेली आहे. गेल्या पाच वर्षांतले तिचे निबंध चाळले, तरी आपल्याला कशात रस आहे, ते ध्यानात येईल.

नोकरीच्या बाबतीत कायद्याची दिशा स्पष्ट आहे. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या ज्या व्यक्तींना पापण्या मिटता येत नाहीत, त्यांना बँकेच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत ‘डोळे मिचकावा’ ही पायरी ओलांडता येत नव्हती. त्यांच्या आणि एका अंध अर्जदाराच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि सरकार व नियामक संस्थांना २० निर्देश दिले. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी विभाग यांना आपल्या प्रणाली तपासून घ्याव्या लागतील, आणि वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष वाचून ते आज्ञावलीत उतरवू शकणारी माणसे आज फार थोडी आहेत.

अर्जासोबत जोडायला काही काम हवे असेल, तर एनव्हीडीएपासून आरंभ करा. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि ती मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेली आहे. नागपुरातल्या एखाद्या अंध वापरकर्त्याला विचारून, त्याच्या शेजारी दोन-चार संध्याकाळ बसून, त्याला रोज छळणारा एक लहानसा दोष शोधा आणि तो दुरुस्त करून त्या प्रकल्पाकडे पाठवा. दुरुस्ती स्वीकारली जायला वेळ लागेल आणि ती दोन-तीनदा परतही येईल. ती स्वीकारली गेली, की त्याच माणसाकडे परत जा आणि दोष खरोखर गेला का, हे त्याला विचारा.